उभ्यानं पँट घालण्याइतकी जागा

जगात तंबूंचे दोनच प्रकार असतात. ज्यात उभं राहून पँट घालता येते ते, आणि ज्यात येत नाही ते. तीन ऋतूंचा तंबू, चार ऋतूंचा तंबू, एका माणसाचा, दोन माणसांचा (म्हणजे एक माणूस आणि त्याचे बूट) ही बाकीची वर्गवारी दुकानदारांनी पोटापाण्यासाठी केलेली आहे. पन्नाशी उलटलेला माणूस एकटा रानात जायचं ठरवतो, तेव्हा तो वाऱ्याच्या, बर्फाच्या, कापडाच्या कितीही गप्पा मारो, त्याच्या डोळ्यांपुढे पहाटे चारचा देखावा असतो. बाहेर उणे दहा, आणि आपण पाठीवर उताणे पडून, गुडघे छताला टेकवून, एक पाय विजारीत कोंबतोय. दुसरा अजून सापडायचाय.

माझा मुलगा डेन्व्हरच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताची पहिली रांग खिडकीतून दिसते अशा उपनगरात राहतो. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबापांना तिथे करण्यासारखं फारसं काही नसतं. सून कामावर, मुलगा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आमची ही मराठी मालिकांमध्ये. मी पाय मोकळे करायला निघतो आणि शेजाऱ्याच्या गॅरेजपाशी थांबतो. अमेरिकेत ओसरी नाही, ओटा नाही, पार नाही. पुरुषमाणसाला टेकायला एकच जागा, गॅरेज. त्यात मोटार सोडून सगळं असतं.

शेजारी शिकारी आहे. आपल्याकडे शिकारी म्हटलं की एकतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक आठवतो, नाहीतर १९७२ चा वन्यजीव कायदा आणि कोठडी. इथला शिकारी म्हणजे दातांच्या दवाखान्यात हिशेब लिहिणारा, रस्ता ओलांडताना खारीला आधी जाऊ देणारा सौम्य गृहस्थ. तो परवाना काढतो. त्याआधी शिकारीचं शिक्षण घेऊन परीक्षा दिल्याचं कार्ड दाखवतो. १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत ते लागतं. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाचं काहीतरी, हाही कायदाच. २०१६ पासून गुलाबीही चालतो. हरणाच्या जातीला नारिंगी रंग नीट दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. नियम कुणाच्या जिवासाठी आहे ते यावरून समजावं.

त्याचं सावज म्हणजे एल्क. आपल्या सांबराचा थोरला, खात्यापित्या घरचा भाऊ. नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. कोलोरॅडोइतके एल्क अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत, पण ऑक्टोबरात ते तीन हजार मीटर उंचीच्या आसपास, बर्फाच्या तोंडाशी असतात. म्हणून तंबू.

जुना तंबू गॅरेजच्या माळ्यावर आहे. बारा बाय चौदा फुटांचा, जाड सुती कॅनव्हासचा, चारी बाजूंनी सरळ कनात, वर आढं, आढ्यापासून दोन्हीकडे उतरतं छप्पर, आणि छपरात शेगडीचं धुराडं बाहेर काढायला भोक. याला इथे वॉल टेंट म्हणतात, भिंतींचा तंबू. पूर्वी चार मित्र मिळून जायचे. मग एक फ्लोरिडाला गेला, एकाचा गुडघा गेला, आणि एकाला बायकोनं सांगितलं की एक काहीतरी निवड. लोखंडी चौकटीसकट तो तंबू चाळीस किलोच्या पुढे जातो, म्हणजे चौघांशिवाय उचलत नाही. चौघांनी उचलायची दुसरी वेळ यायच्या आत एकट्यानं उचलता येईल असं काहीतरी घ्यावं, हा त्याचा विचार मला पटला.

त्याची अट एवढीच होती: हलका हवा, एकट्याला उभारता आला पाहिजे, शेगडी पेटवता आली पाहिजे, बर्फ झेलला पाहिजे, आणि भिंती हव्यात. मुंबईत वधूवरसूचक मंडळात अशा अटी घेऊन आलेल्या मुलाला आधी चहा देतात आणि मग समजावतात.

मी तंबूत राहिलेला माणूस आहे. पाटबंधारे खात्यात नवा नवा होतो तेव्हा धरणाच्या सर्वेक्षणाला जायचो. तिथे तंबू निवडायचा नसायचा. तो स्टोअरमधून यायचा, नोंदवहीत सही करून घ्यायचा, आणि उंदरांनी केलेली भोकं त्याच वहीत ‘पूर्वीची’ म्हणून दाखवायची. कार्यकारी अभियंत्यांना न्हाणीघरासकट मोठा तंबू, मला राहुटी, खलाशी झाडाखाली. तंबूचं वजन किती, हा प्रश्न नोकरीभर मला पडला नाही. तो बैलांचा प्रश्न होता.

इतिहासातही तंबूचं वजन कळलं ते वाहणाऱ्यांनाच. अबुल फझलनं ‘आइन-इ-अकबरी’त लिहून ठेवलंय की अकबराची एक छावणी हलवायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत. शिवाय तंबूंचा दुसरा संच पुढच्या मुक्कामी आधीच रवाना, म्हणजे बादशहा पोचेपर्यंत घर तयार. त्याच्या पणतूनं तसलंच शहर दख्खनमध्ये आणलं, आणि १६८९ मध्ये संताजी घोरपड्यांनी तुळापूरच्या छावणीत रात्री शिरून त्याच्या तंबूचे तणावे कापले, सोन्याचे कळस काढून नेले, असं बखरी सांगतात. ही गोष्ट मी शेजाऱ्याला रंगवून सांगितली. घोडदौड, अंधार, सिंहगडाकडे निघून जाणं, सगळं. तो भारावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “तणावे एकूण किती होते?”

ध्यास म्हणतात तो हाच.

त्यानंही मला एक गोष्ट सांगितली, आणि ती मला आमच्या गोष्टीच्या तोडीची वाटली. हेन्री हॉपकिन्स सिब्ली नावाच्या अमेरिकी सैन्याधिकाऱ्यानं १८५६ मध्ये शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट घेतलं. मधोमध एक खांब, खाली शेगडी, धूर वरून बाहेर. कल्पना मैदानी आदिवासींच्या टिपीवरून उचललेली. त्यांना अर्थातच कुणी काही दिलं नाही. सिब्लीला मात्र सैन्याकडून तंबूमागे पाच डॉलर मिळायचे ठरले. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि हा गृहस्थ दक्षिणेला जाऊन मिळाला. उत्तरेनं त्याचे तंबू हजारांनी शिवून घेतले आणि त्याला दमडी दिली नाही. पुढच्या वर्षी त्याची फौज न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणींकडे निघाली, ती ग्लोरिएटा खिंडीत अडकली. समोरच्या लढाईत ते हटले नव्हते. पण कोलोरॅडोचे स्वयंसेवक डोंगरावरून मागे उतरले आणि त्यांनी सामानाच्या गाड्याच जाळून टाकल्या. मोहीम संपली, मंडळी पायपीट करत टेक्सासला परत. पानिपतापासून बाजारबुणग्यांचा अनुभव असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण मी शेजाऱ्याच्या समाधानासाठी ‘अरेरे’ म्हटलं.

तर टिपी हा पहिला पर्याय होता. आजही नायलॉनच्या टिप्या मिळतात: एकच खांब, वजन नगण्य, वारा कुठूनही आला तरी घसरून जातो. पण शंकूचा दोष असा की जागा सगळी मध्यभागी, आणि मध्यभागी खांब. कडेला बसलं की कापड मानेवर. कापड ओलं असतं, कारण माणूस रात्रभर श्वास सोडतो आणि तो थंड नायलॉनवर दंव होऊन बसतो. सरळ भिंत असली की कडेपर्यंत जागा कामाची: खाट भिंतीला लावता येते, बूट कोपऱ्यात जातात, आढ्याला दोरी बांधून मोजे वाळत घालता येतात. उलट भिंतीवर वारा सरळ आदळतो, म्हणून तणावे जास्त, मेखा जास्त, आणि गोठलेल्या जमिनीत मेखा ठोकणारा एकटाच.

हे सगळं त्यानं मला एका फळ्यावर काढून दाखवलं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बायकोनं लिहिलेलं ‘दूध’ तेवढं पुसलं नव्हतं.

मी अभियंता. माझ्यासमोर फळा आणि खडू असताना मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, हिशेब करू. आठ बाय आठ फुटांचा तंबू धरा, एका माणसाला, शेगडीला आणि खाटेला तेवढा लागतोच. घेर बत्तीस फूट. भिंत दोन फुटांची आहे ती चार फुटांची केली, म्हणजे आढंही तितकंच वर गेलं आणि तुम्ही उभे राहू लागलात, तर कापड वाढलं चौसष्ट चौरस फूट, म्हणजे सात चौरस यार्डांच्या जरा वर. कॅनव्हास चौरस यार्डाला दहा औंस भरतो, तेव्हा वाढ झाली साधारण दोन किलोची. सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन दीड औंसाच्या आतबाहेर, तेव्हा तीनशे ग्रॅम.

“म्हणजे,” मी खडू खाली ठेवत म्हणालो, “उभ्यानं पँट घालण्याची किंमत कॅनव्हासमध्ये दोन किलो, नायलॉनमध्ये तीनशे ग्रॅम.”

तोवर त्यानं पँटचा उल्लेख एकदाही केला नव्हता. उघड चोरी पकडल्यासारखा तो लाल झाला, मग हसला, मग गॅरेजचं दार अर्धं खाली ओढून हळू आवाजात म्हणाला, “माझी कंबर.”

त्यानंतर आमची मैत्री झाली.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. तिथे छपराखालीच तंबू उभारून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक आत जाऊन बघतं. मी बाहेर बाकावर बसलो आणि बघत राहिलो. तरुण मुलं आत जायची ती थेट आडवी व्हायची. जोडपी आत जाऊन खुदकन हसायची. आणि पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक पुरुष आत गेला की आधी इकडेतिकडे बघायचा, शिवण चाचपायचा, चेन दोनदा वरखाली करायचा, आणि मग कुणी पाहत नाही अशी खात्री करून एक पाय हळूच वर घ्यायचा. क्षणभर बगळा. डोकं कापडाला लागलं की चेहरा पडायचा, आणि बाहेर येऊन तो विक्रेत्याला विचारायचा, “याची वाऱ्यातली मजबुती कशी आहे?”

विक्रेता पंचविशीचा होता. तो बिचारा वाऱ्याबद्दल सांगत बसायचा.

वजनाच्या वेडाला इथे जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक लेखक ‘नेसमक’ या टोपणनावानं रानावनावर लिहायचा. चणीनं लहान, छातीनं आजारी. बोटवाल्याकडून त्यानं आपल्या मापाची होडी करून घेतली, साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोंची, आणि १८८३ मध्ये अडिराँडॅकच्या तळ्यांतून ती वल्हवत, मध्ये मध्ये डोक्यावर घेत, २६६ मैल फिरला. होडीचं नाव ठेवलं सेरी गँप; डिकन्सच्या कादंबरीतल्या या बाईचा पाण्याशी संबंध येत नसे, आणि होडीनंही पाणी आत घेऊ नये ही इच्छा. पण नेसमक स्वतः पन्नास किलोच्या आसपासचा. माझा शेजारी एकशेदहा. त्याच्यापुढे टायटॅनियमच्या चमच्यानं वाचणाऱ्या वीस ग्रॅमचा विषय निघाला की मी समोरच्या डोंगराकडे बघतो. पाहुण्यानं इतपत सभ्यता पाळावी.

अखेर तंबू आला. पार्सल इतकं लहान की शेजाऱ्याच्या बायकोनं आधी ते शेजारच्या मुलांचं समजून बाजूला ठेवलं होतं. नायलॉनचा, भिंतींचा, खाली तळ नसलेला. तळाचं वजन वाचतं आणि चिखलाचे बूट घालून आत शिरता येतं. उंदीरही शिरतात, पण त्यांचं वजन तुम्हाला वाहायचं नसतं. सोबत घडीची टायटॅनियमची शेगडी. तंबू, शेगडी, धुराडं मिळून चार-साडेचार किलो. किंमत सांगत नाही. ही त्या रकमेचे रुपये करेल आणि मग माझा चहा बंद होईल.

या सगळ्यात जर कुठली एक गोष्ट शत्रूला द्यावी अशी असेल तर ती टायटॅनियमचं धुराडं. ते नळी म्हणून येत नाही. कागदाइतक्या पातळ पत्र्याची सुरळी येते, रुंदीच्या बाजूनं गुंडाळलेली. ती उलगडून लांबीच्या बाजूनं पुन्हा गुंडाळायची आणि वर कड्या चढवायच्या. पत्र्याला ही योजना मान्य नसते. एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं. मधला भाग सुटला आणि गॅरेजमध्ये मेघगर्जना झाली. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी, म्हणून हातमोजे घालायचे, आणि हातमोजे घातले की कडी धरता येत नाही. बऱ्याच वेळानं आमची ही डबा द्यायला आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली, आणि म्हणाली, “अहो, पोळीसारखं गुंडाळा ना, एका बाजूनं.” गुंडाळलं. गेलं. एकदा त्यात विस्तव पेटला की पत्रा तो आकार लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपणहून वळतो. शिवाय तापून त्याच्यावर निळेजांभळे रंग चढतात, मोराच्या गळ्याचे. त्या रंगांकडे शेजारी ज्या नजरेनं पाहत होता, ती मी त्याच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेली नाही.

शेगडी परसात पेटवली. पाच मिनिटांत आत घाम. पण पातळ पत्र्याची लहान शेगडी जशी झटकन तापते तशीच झटकन निवते. पोटात मावतील तेवढी काटकं तासा-दीड तासात संपतात. म्हणजे रात्रभर ऊब हवी असेल तर तान्ह्या बाळासारखं तिला उठून उठून भरवत राहायचं. झोपेत धूर आत कोंडला तर कायमचीच झोप, म्हणून हवा खेळती ठेवायची, म्हणजे ऊब बाहेर. धुराड्यातून उडालेली ठिणगी नायलॉनवर पडली की टाचणीएवढं भोक, म्हणून वर जाळी. नायलॉन भिजलं की सैलावतं, म्हणून मध्यरात्री बाहेर जाऊन तणावे ताणायचे. बर्फ साचला की आतून थोपटून पाडायचा. कॅनव्हास यातलं बरंचसं सोसतो. नवा असताना एकदोनदा भिजवून वाळवला की धागा फुगून शिवणीची भोकंसुद्धा आपली आपण बुजतात. फक्त ओला घडी केला तर बुरशी येते आणि तो चाळीस किलो असतो.

मी सगळ्या कामांची वेळ मांडून पाहिली. या माणसाला झोपायला वेळच नव्हता. पण तो उभ्यानं पँट घालू शकत होता; परसात त्यानं मला ते करून दाखवलं. कुंपणापलीकडून घरमालकांच्या मंडळाच्या बाई बघत होत्या, त्यांनी हात केला, आम्हीही केला.

खरा घोळ मी काढला. मला काही वाईट करायचं नव्हतं, मला फक्त हिशेब पुरा करायची सवय आहे. मी विचारलं, “समजा एल्क मिळाला. मग?”

मग असं की मांस वाया घालवणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. हाडं काढून टाकली तरी मोठ्या नराचं मांस नव्वद-शंभर किलो होतं. ते पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं, तीस-तीस किलोच्या खेपा करत, चार मैल, तीन हजार मीटरवर. तंबूच्या भिंतीत आम्ही दोन किलोंऐवजी तीनशे ग्रॅम लावून पावणेदोन किलो वाचवले होते. फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “लामा.”

मला वाटलं धर्मांतर करतोय. पण हा लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लांब मानेचा, लोकरीचा प्राणी. तो इथे शिकाऱ्यांना भाड्यानं मिळतो, तीसेक किलो ओझं सहज वाहतो, गवत खातो, खेचरासारखा लाथा झाडत नाही. रागावला तर थुंकतो, आणि अस्वस्थ झाला तर तोंडातल्या तोंडात गुणगुणतो. तो कळपातला जीव आहे, एकटा नेला की बिथरतो, म्हणून दोन तरी घ्यावेच लागतात. एकटं राहण्यासाठी रानात जायची खोड फक्त माणसाला दिसते.

दोन लामा म्हणजे साठ किलो. येताना मांस. जाताना मात्र पाठ रिकामी.

शेजाऱ्यानं माळ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम पाहिलं नाही.

“चौकट नको,” तो म्हणाला. “वाळलेलं पाइन तिथेच मिळतं, खांब त्याचे करू. नुसता कॅनव्हास. आणि जुनी लोखंडी शेगडी, ती रात्रभर पुरते.”

“मग एखादी खुर्चीही घ्या,” मी म्हणालो.

“खुर्ची!” त्यानं फळ्यावर खुर्ची लिहिली, ‘दूध’च्या खाली.

“दोन घ्या. कुणी आलं तर?”

त्यानं थोडा विचार केला आणि एकाचे दोन केले.